वऱ्हाडची संगीत नाट्यपरंपरा आणि विद्यापीठीय रंगमंच : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने सांगली, पुणे, मुंबई व कोल्हापूर या केंद्रांभोवती लिहिला गेला आहे. या इतिहासात वऱ्हाडचा उल्लेख होतो तो बहुधा नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांच्या संदर्भात. वस्तुतः अमरावती व अकोला या परिसराने मराठी संगीत नाटकाला दोन महत्त्वाचे नाटककार दिले. त्यांच्या नाटकांना रंगमंच मात्र वऱ्हाडबाहेरच्या मंडळ्यांनी दिला. या विसंगतीची कारणे तपासणे आणि त्या अनुषंगाने विद्यापीठीय रंगमंचाच्या जबाबदारीचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कापूस, लोहमार्ग आणि रंगभूमी

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861-65) भारतीय कापसाची मागणी वाढली आणि 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंत पोहोचला. या दोन घटनांनी येथे रोकड पैसा, व्यापारी पेठा आणि वकील, शिक्षक, कारकून यांचा नवा मध्यमवर्ग निर्माण केला. पडदे, पोशाख व वाद्ये घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना लोहमार्गावरील अशी गावे सोयीची होती. पुढे 1905 मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्याकडे गेले. वऱ्हाडी रसिकतेची प्रतिष्ठा यावरून लक्षात येते.

प्रेक्षक, पैसा आणि आश्रयदाते असूनही संगीत नाटकाची मातब्बर मंडळी येथे उभी राहिली नाही. कापसाचा नफा बाहेरच्या पेढ्यांकडे वळावा, तसे येथील नाट्यलेखनही बाहेरच्या मंडळ्यांकडे गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

दोन नाटककार

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871-1934) यांचा जन्म नागपूरचा. परंतु त्यांचे शालेय शिक्षण अकोल्यात झाले. पुढे अकोला, खामगाव व जळगाव जामोद येथे त्यांनी वकिली केली. त्यांचे ‘वीरतनय’ 1896 मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. पौराणिक कथानकाचा आधार सोडून स्वतंत्र कल्पित कथानक रचणे, विनोदाला नाटकात मानाचे स्थान देणे आणि पारशी-उर्दू रंगभूमीच्या धर्तीच्या चाली मराठी पदांना देणे, हे त्यांचे कार्य. ‘मूकनायक’ मध्ये मद्यपाननिषेध आणि ‘मतिविकार’ मध्ये विधवाविवाह हे विषय त्यांनी हाताळले. राम गणेश गडकरी त्यांना गुरुस्थानी मानीत.

वीर वामनराव जोशी (1881-1956) हे अमरावतीचे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे त्यांचे नाटक केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने गाजविले. तर 1927 मध्ये ‘रणदुंदुभि’ बळवंत संगीत मंडळीने सादर केले. त्यातील तेजस्विनीची भूमिका मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची होती. 1876 च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याची टांगती तलवार नाटककारांवर होती आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ वर 1910 मध्ये आलेली बंदी सर्वांना ठाऊक होती. अशा काळात कल्पित राज्याच्या कथेआडून पारतंत्र्याची वेदना मांडणे, हा वामनरावांनी निवडलेला मार्ग होय.

1927 : एका वर्षाचा छेद

1927 हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. याच वर्षी कोल्हटकर पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि याच वर्षी ‘रणदुंदुभि’ रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या 13 नोव्हेंबर रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तिच्यासमोर होता. रंगमंचावर राजकीय स्वातंत्र्याचा उद्घोष होत असता नाट्यगृहाच्या वास्तूत सामाजिक स्वातंत्र्याची मागणी मांडली जात होती. रंगभूमीच्या इतिहासात केवळ नाटकांची नव्हे, तर नाट्यगृहांचीही नोंद का असावी, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

विद्यापीठीय रंगमंचाचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळातही हा क्रम बदलला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेल्या महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ वऱ्हाडी बोली घेऊन अवतरले, पण 1985 मध्ये त्याचा प्रयोग विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली मुंबईच्या संस्थेने केला.

1983 मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे वर उल्लेखिलेल्या लेखकांचीच भूमी. आज विद्यापीठीय नाट्यजीवनाचा मुख्य आधार युवक महोत्सव आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवातील नाट्यप्रकार एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय व नक्कल हे होत. एकांकिकेची मर्यादा अर्ध्या तासाची. या स्पर्धांनी अनेक नट घडविले, हे मान्यच आहे. परंतु पाच अंकी संगीत नाटक त्या चौकटीत बसत नाही. परिणामी आपल्या परिसरातील नाटककार विद्यार्थ्याला भेटतो तो प्रश्नपत्रिकेत, रंगमंचावर नव्हे.

म्हणून वार्षिक नाट्यहंगामाची कल्पना विचारार्ह वाटते. ‘मूकनायक’, ‘रणदुंदुभि’, ‘वाडा चिरेबंदी’ आणि दंडार वा खडी गंमत या लोकप्रकारांतून घडलेला एक नवा प्रयोग, अशी चार नाटके अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन व अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह येथे आलटून पालटून करता येतील. मराठी विभागाने रंगावृत्ती सिद्ध करावी, संगीत विभागाने चालींचा शोध घ्यावा, इतिहास विभागाने काळाचा संदर्भ पुरवावा.

यावर आक्षेप संभवतात. कोल्हटकरांची कोटिबाज भाषा आजच्या प्रेक्षकाला जड वाटेल. गाणारे नट सहज मिळणार नाहीत. हे खरे आहे. परंतु विद्यापीठाच्या प्रयोगाला तिकीटविक्रीचे बंधन नसते आणि व्यावसायिक रंगभूमीला न परवडणारे काम करण्याचे स्वातंत्र्य त्यामुळेच त्याला लाभते. अयशस्वी प्रयोगातूनही संहिता का जुनी झाली, याचे ज्ञान मिळते. वाचनातून ते तितके मिळत नाही.

निष्कर्ष

वऱ्हाडात नाटककार होते, रसिक होते, नाट्यगृहेही होती. या तिघांना एकत्र बांधून ठेवणारी स्थायी संस्था मात्र उणी होती. शतकापूर्वी ती उणीव भरून काढण्यास विद्यापीठ नव्हते; आज ते आहे. चाली कानावर असलेली पिढी उरली नाही, तर ‘रणदुंदुभि’ केवळ छापील संहिता होऊन राहील. तिचा आवाज तिच्याच गावात ऐकू यावा, एवढीच अपेक्षा.