तीन लिप्यांची लेखिका : हादिया दावलेतशिना

रशियातील बाश्कीर भाषेने अवघ्या बारा-पंधरा वर्षांत दोनदा लिपी बदलली. 1920 च्या दशकाअखेर अरबी लिपी जाऊन लॅटिन आली आणि 1940 मध्ये लॅटिन जाऊन सिरिलिक आली. हादिया दावलेतशिना (1905-1954) या लेखिकेचे आयुष्य या तिन्ही लिप्यांमधून गेले.

इर्गिझ नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात त्या जन्मल्या आणि पंधराव्या वर्षी शिक्षिका झाल्या. ‘आयबिका’ ही त्यांची दीर्घकथा 1931 ची. सोव्हिएत लेखकांचे पहिले अधिवेशन 1934 मध्ये मॉस्कोत भरले, तेथेही त्या प्रतिनिधी होत्या. नव्या राजवटीनेच त्यांना लेखिका म्हणून पुढे आणले होते.

त्याच राजवटीने 1937 मध्ये त्यांना अटक केली. पती गुबाय दावलेतशिन हेही लेखक होते. त्यांच्यावर ‘राष्ट्रवादी’ असल्याचा ठपका होता. त्यांची पत्नी असणे हाच हादियांचा गुन्हा. गुबाय यांना गोळ्या घालण्यात आल्या. दाउत युल्ती, अफझल तागिरोव हे लेखकही 1938 मध्ये मारले गेले.

पाच वर्षांची छावणी भोगून हादिया 1942 मध्ये सुटल्या आणि ऊफापासून दूर, बिर्स्क या लहान गावी राहू लागल्या. दरम्यान बाश्कीर भाषेची अक्षरे बदलली होती. मॉस्कोत शिकलेल्या हादियांना सिरिलिक परकी नव्हती. पण आपली भाषा त्या अक्षरांत छापली जाऊ लागली, तेव्हा त्या छावणीत होत्या.

बिर्स्कमध्ये त्यांनी ‘इर्गिझ’ ही कादंबरी लिहिली. क्रांतीपूर्व बाश्कीर खेडे, तेथील श्रीमंत-गरीब, स्त्रियांचे जिणे आणि येऊ घातलेली उलथापालथ हा तिचा विषय. ती 1957 मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिका तीन वर्षांपूर्वीच वारली होती. 1967 मध्ये तिला सलावत युलायेव पुरस्कार मिळाला. अठराव्या शतकातला हा बंडखोर कवीही कैदेतच मेला होता.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. 1957 च्या तरुण वाचकाचे शिक्षण सिरिलिकमध्ये झालेले. आजोबांचे अरबी लिपीतले कागद त्याच्यासाठी मुके, आणि मारल्या गेलेल्या लेखकांची लॅटिनमधली पुस्तकेही जवळपास तशीच. माणसे मारली की आवाज थांबतो; लिपी बदलली की उरलेला प्रतिध्वनीही विरतो. अशा वेळी त्या वाचकाच्या हाती त्याच्याच अक्षरांत आजोबांचे जग आले. ते आणून देणारी बाई मात्र त्याच्यापर्यंत पोहोचू शकली नाही.