वाचलेले पाणी जाते कुठे?

माळेगाव बुद्रुकच्या परिसरात आता उसाच्या फडात छोटी हवामान केंद्रे उभी दिसतात. मुळांशी ओल मोजणारे सेन्सर असतात, आणि आज ठिबक किती वेळ चालवायचे याचा निरोप मोबाइलवर मराठीत येतो. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला बरोबर घेऊन २०२४ मध्ये सुरू केलेल्या या प्रयोगाचे कौतुक दूरवर पोचले. ते कौतुक रास्तच आहे. पण त्याच्या आधाराने एक मत रूढ होत चालले आहे, आणि ते मला धोक्याचे वाटते.

मत असे: ठिबक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे कमी पाण्यात जास्त ऊस येतो, उसापासून इथेनॉल होते, म्हणजे कच्च्या तेलाची आयात घटते आणि धूरही कमी होतो. तेव्हा आपल्यासारख्या विकसनशील देशाला वाढीला मर्यादा घालण्याचे कारण उरले नाही. तंत्र सुधारत न्यावे, निसर्गाचे आपोआप भले होईल.

हे मत मांडणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. कायद्याने बांधलेला दर आणि ठरलेला खरेदीदार या भागातल्या पिकांत उसालाच आहे. सहकारी कारखान्यांच्या पैशांवर इथे शाळा निघाल्या, वाड्या-वस्त्यांपर्यंत रस्ते गेले, कालच्या कोरडवाहू कुणब्याची मुलगी इंजिनियर झाली. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला ‘वाढ पुरे’ म्हणून सांगणे हा निर्दयपणा होईल. तसे मी म्हणत नाही. माझा आक्षेप हिशेबाला आहे. बचत मोजली जाते शेताच्या बांधावर, आणि पाणी पुरते की नाही हे ठरते नीरा नदीच्या खोऱ्यात.

पाटपाण्याने भिजवलेल्या सरीत उसाने न प्यायलेले पाणी नाहीसे होत नाही. काही वाफ होऊन जाते, बरेचसे पाझरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. हे सांगायला भूजलशास्त्रज्ञ लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय निघाला तेव्हा बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांनीच विरोध केला, कारण कालव्याची गळती म्हणजेच त्यांच्या विहिरींचे पाणी. ज्याला कागदावर ‘वाया गेलेले पाणी’ म्हणतात, ते कुणाच्या तरी पिकाला मिळतच होते. ठिबकने ते वरच अडवले की वरच्याची बचत ही खालच्याची तूट होते.

दुसरी गोष्ट टनेजची. ऊस पाणी पितो आणि त्यातले बहुतेक पानांतून हवेत सोडतो. हे उडून गेलेले पाणी ना विहिरीला परत येते ना नदीला. एकरी टनेज वाढले, पानोळा वाढला, की हे उडणारे पाणीही वाढते. ठिबक जमिनीवरचा ओलावा उगाच सुकू देत नाही, खतही वाचवते, वीजही वाचवते. हे सगळे मोलाचे आहे. पण पिकाची तहान त्याने कमी होत नाही.

आणि तिसरी, जी मी डोळ्यांनी पाहिली. ओळखीच्या एका शेतकऱ्याने कालव्यालगतचा चार एकर आडसाली ऊस ठिबकवर घेतला. विहीर तीच, मोटर तीच. दुपारी वीज होती आणि ठिबकचा कॉक बंद होता. विहिरीवरून माळाकडे गेलेल्या नव्या पाइपलाइनला मी हात लावला, तर पाइप गार होता, आत पाणी धावत होते. माळावर, जिथे बाजरी आणि मटकी होत होती, तिथे तीन एकर नवी लागण उभी होती. ‘पाणी वाचलं म्हणून तर एवढं करता आलं,’ तो समाधानाने म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर हेच केले असते. त्याला दोष देण्यासारखे काहीच नाही. पण विहिरीतून उपसलेले पाणी एक घागरही कमी झाले नव्हते.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवले होते: इंजिने काटकसरी झाली आणि कोळसा जास्त जळू लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये अनेक देशांतली उदाहरणे तपासली, आणि पाण्याच्या वाटपावर आधी बंधन नसेल तर सुधारित सिंचनाने एकूण वापर घटत नाही, उलट वाढू शकतो, असाच निष्कर्ष काढला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. नळी कोणती वापरायची ते त्यात ठरले, पाणी किती घ्यायचे ते ठरले नाही.

ही चूक या खोऱ्यात पहिल्यांदा होत नाही, म्हणून जास्त बोचते. नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी सुटले. पंचवीस वर्षांत नदीकाठच्या काळ्या रानांत खार फुलू लागला. १९१० मध्ये हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी मुंबई सरकारच्या शेतकी खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आजही उन्हाळ्यात अशा चोपण रानात गेलात तर पांढरा पापुद्रा धरलेली ढेकळे दिसतात. बुटाने दाबली की वरचा पापुद्रा कुरकुरतो आणि खाली चिकट ओल लागते. तिथे उसाची टिपरी रुजत नाही. ही जमीन पाण्यावाचून गेली नाही, पाण्याने गेली.

उपायही याच कालव्यावर शोधला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत मांडली. पाणी ठरावीक गटांना बांधून द्यायचे, गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकीच्या रानात हंगामी पिके, आणि उसाची जागा फिरती. थोड्या रानात पाणी साचून राहण्याऐवजी ते जास्त लोकांच्या रानांत पोचावे आणि जमीनही शाबूत राहावी, हा त्यामागचा विचार. मर्यादा आधी, तंत्र नंतर, हा क्रम तेव्हाच्या इंजिनियरला कळला होता.

इथेनॉलचेही तसेच. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे नोंदले आहे. २०२३ चा पाऊस उणा पडला, आणि डिसेंबरात केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावे लागले. पुढच्या वर्षी ते उठले. जे इंधन एका कमी पावसाने अडते, त्याच्या जोरावर उसाचे क्षेत्र वाढवत नेणे हे नियोजन म्हणता येत नाही.

मग करायचे काय? शेजारच्या पुरंदरात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी बाहत्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसाच्या मापाने: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. पुढे अशा बऱ्याच योजना बंद पडल्या, हे खरे आहे आणि ते लपवू नये. मला त्यातून इतकेच दिसते की एका गावाने स्वतःहून पाळलेली मर्यादा शेजारी मुक्त पाणी वाहत असताना टिकत नाही. मर्यादा खोऱ्याची हवी, आणि तिच्यामागे कायदा हवा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ पासून आहे. पाण्याचे हक्क ठरवणे हे त्याचेच काम.

दुसरी बाजू दराची. हरभरा, करडई, सूर्यफूल यांना उसासारखा खात्रीचा खरेदीदार मिळाल्याशिवाय शेतकरी ऊस कमी करणार नाही, आणि त्याने का करावा? देश आपल्या गरजेतले निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यातला थोडा पैसा सुप्याच्या, मोरगावच्या जिरायत शिवारातल्या तेलबियांना खात्रीचा दर म्हणून मिळाला, तर तीही वाढच आहे, आणि तिला आडसाली उसाइतके पाणी लागत नाही.

धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे गावोगाव फिरून मोजवून घेतले होते. तो अहवाल १९४८ मध्ये निघाला. फायदे तितक्या बारकाईने मोजता येतात, तर तोटेही येतात. दर हंगामाला कालवा सल्लागार समिती बसते आणि आवर्तने ठरवते. त्या बैठकीत धरणातल्या साठ्याच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे ठेवावेत: कालव्याखाली आणि विहिरींखाली मिळून यंदा उसाचे क्षेत्र किती वाढले, इंदापूरच्या टेलच्या चारीला प्रत्यक्ष किती पाणी पोचले, आणि किती रान चोपण झाले. हवामान केंद्रे आणि उपग्रह आज फडातली ओल सांगतात. हे तिन्ही आकडेही मोजता येतील. तसे विचारायला समितीत कुणी तरी उठले पाहिजे.