रक्ताच्या थेंबाची साक्ष

माल्टा हें भूमध्यसमुद्रांतील एक चिमुकलें बेट. एकोणिसाव्या शतकांत तेथील ब्रिटिश फौजेला व आरमाराला एका विचित्र ज्वरानें ग्रासलें होतें. हा ताप चढे, उतरे, पुन्हा चढे, सांधे धरी, आणि धडधाकट शिपायाला महिनेच्या महिने अंथरुणास खिळवून ठेवी. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें मृतांच्या प्लीहेंतून या रोगाचा जंतु शोधून काढला. परंतु तो मनुष्याच्या शरीरांत शिरतो कोठून, हें कोडें पुढें अठरा वर्षें उलगडलें नाहीं.

तें उलगडण्याचें साधन व्हिएन्ना येथें तयार झालें. १८९६ सालीं ग्रूबर व डरहॅम यांनीं दाखवून दिलें कीं, एखाद्या रोगजंतूशीं झगडलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवांत तेच जंतु सोडले, तर एरवीं सुटे तरंगणारे हे जंतु एकमेकांस चिकटतात व त्यांचे पुंजके बनतात. पुढच्याच वर्षीं राइट व स्मिथ यांनीं ही परीक्षा माल्टाच्या ज्वरास लावली. जंतु प्रत्यक्ष हातीं लागला नाहीं, तरी त्याची खूण रक्तांत सांपडूं लागली.

माल्टांत त्या काळीं गवळी शेळ्यांचे कळप दारोदार हिंडवीत आणि गिऱ्हाइकाच्या दारींच दूध काढून देत. दूध ताजें, निर्भेळ. शेळ्या दिसावयास ठणठणीत! त्यांचा संशय कोण घेणार? १९०५ सालीं थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टीज डॉक्टरानें सहा शेळ्यांचें रक्त तपासलें. पैकीं पांचांच्या रक्तानें जंतूंचे पुंजके बांधले. लवकरच दुधांतही जिवंत जंतु मिळाले. पुढील पाहणींत जवळजवळ निम्म्या शेळ्यांना संसर्ग झालेला आढळला. सुमारें दहांतील एक शेळी दुधावाटे जंतु बाहेर टाकीत होती. १९०६ सालीं सैनिकांस शेळीचें दूध देणें बंद झालें आणि त्यांच्यांतील ज्वर झपाट्यानें ओसरला. सामान्य जनतेनें मात्र कच्चें दूध सोडलें नाहीं. तिच्यांत हा रोग पुढेंही कित्येक वर्षें टिकला.

डेन्मार्कमध्यें बांग यांनीं १८९७ सालीं गाई गाभडण्यास कारण होणारा जंतु वेगळा केला होता. तो माल्टाच्या जंतूचा जवळचा आप्त असल्याचें अमेरिकेंत अ‍ॅलिस इव्हान्स या विदुषीनें १९१८ सालीं दाखविलें. गाईचें रक्तही याच परीक्षेनें तपासलें जाऊं लागलें.

कोंबड्यांची कथा याच धर्तीची. पिलांना पांढरी हगवण लावणारा जंतु निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयांत दडून राहतो आणि अंड्यांतून पिलांत उतरतो. १९१३ सालीं तिच्या रक्तावर हीच परीक्षा करण्यांत आली. १९३० नंतर तर रंगविलेल्या मृत जंतूंच्या द्रवांत कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब मिसळून खुराड्यापाशींच कांहीं मिनिटांत निकाल मिळूं लागला.

ही परीक्षा बिनचूक नव्हे. लस टोचल्यानें किंवा दुसऱ्या एखाद्या सदृश जंतूमुळेंही पुंजके होतात. नुकत्याच लागण झालेल्या जनावरांत ते होतही नाहींत. म्हणून रक्त पुन्हा तपासावें लागतें आणि प्रयोगशाळेंत जंतु वाढवून खात्री करावी लागते.

महाराष्ट्रांत घरोघरीं दूध तापवून घेण्याची चाल आहे. तिनें हे जंतु मरतात. परंतु ती चाल पिणाऱ्याचें रक्षण करते, गोठ्याचें नव्हे. गोठ्याचें रक्षण व्हावयाचें, तर रक्ताच्या त्या थेंबाची साक्षच घ्यावी लागते.