रात्री हातात मुंग्या येऊन जाग येते? मनगटात नस दबल्याची खूण असू शकते

निपाणी : रात्री दोन-तीनच्या सुमारास हातात मुंग्या येतात, जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. बिड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, फौंड्रीत ग्राइंडर चालवणारे यांच्याकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. ‘वात आहे’, ‘शीर आखडली’ म्हणत वर्षे निघून जातात. पुष्कळदा हा मनगटात नस दबण्याचा आजार असतो. डॉक्टर त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर मज्जातंतू. वेळेत दाखवलं तर अनेकांचं पट्ट्यावर भागतं. उशीर झाला तर ऑपरेशन करूनही बोटांची ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

नेमकं काय होतं?

मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडे, वर जाड चिवट पडदा. त्यातून बोटे वळवणारे ९ स्नायूबंध आणि मीडियन नर्व्ह ही नस जाते. आत सूज आली की बोगदा रुंदावत नाही, नस चेपते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू या नसेवर चालते. म्हणून मुंग्या या साडेतीन बोटांत येतात आणि करंगळी बहुधा सुटते. ही खूण लक्षात ठेवावी.

कारणे

पान कातरायचं, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. प्रत्येक बिडीला बोटांची चिमटी लागते आणि मजुरी हजार बिड्यांवर ठरते. मनगट वाकवून, जोर लावून तेच काम पुन्हा पुन्हा केलं की बोगद्यातला दाब वाढतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत हातातल्या यंत्राच्या कंपनाची त्यात भर पडते. वडगाव, शहापूर, खासबागच्या मागांवर तुटलेले धागे दिवसभर जोडावे लागतात, तिथेही बोटांवर ताण असतोच.

मात्र कामच कारण असतं असं नाही. मधुमेह, थायरॉइड कमी असणे, गरोदरपण, आमवात, लठ्ठपणा, पूर्वी मोडलेलं मनगट यांमुळेही नस दबते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो. त्यामुळे साखर आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

निदान

घरी एक चाचणी करून बघता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकांना टेकवून मनगटे खाली वाकवा आणि एक मिनिट थांबा. साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. ही फक्त सूचना आहे, पक्कं निदान नव्हे. डॉक्टर मनगटावर टिचकी मारून बघतात, अंगठ्याची ताकद तपासतात. गरज पडल्यास नर्व्ह कंडक्शन टेस्ट होते. त्यात हाताला विजेचे हलके झटके देऊन नसेचा वेग मोजतात. अगदी सुरुवातीला हा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो.

मुंग्या करंगळीत असतील तर नस बहुधा कोपरात दबलेली असते. भांगलणीला तासन्‌तास उकिडवं बसल्याने गुडघ्याजवळची नस दबून पाऊल लुळं पडल्याचेही प्रकार होतात.

दोन्ही तळपायांपासून सुरू होणारी बधिरता मधुमेहाची किंवा बी-१२ च्या कमतरतेची असू शकते. मानेतून हातात उतरणारी कळ मणक्याची असू शकते. बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजून तातडीने हॉस्पिटल गाठावं.

उपचार

सुरुवातीला मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना बांधतात, साधारण सहा आठवडे. फरक पडला नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने आराम पडतो, पण त्रास परत येऊ शकतो. तरीही नाही भागलं तर ऑपरेशन. फक्त हात बधिर करून वरचा पडदा कापतात आणि नसेला जागा करून देतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. ताकदीची इंजेक्शने घेऊन किंवा चोळून बोगदा मोठा होत नाही. बी-१२ खरंच कमी असेल तरच ते घ्यावं.

मजुरीचं काय?

‘हाताला विश्रांती द्या’ हे सांगायला सोपं आहे. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईला विश्रांती म्हणजे तेवढा पगार बुडाला. म्हणूनच रात्रीचा पट्टा महत्त्वाचा, त्याने दिवसाची मजुरी बुडत नाही. तासाभराने दोन मिनिटे हात सोडावेत, मनगट शक्य तितकं सरळ ठेवावं, कातरीला धार असावी म्हणजे जोर कमी लागतो.

ईएसआय लागू असलेल्या कामगाराला नियमात बसत असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. घरी बिड्या वळणाऱ्यांनी बिडी कामगार ओळखपत्र काढून ठेवावं. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्यातून त्यांच्यासाठी दवाखाने सुरू झाले. बेळगावात बीम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलई हॉस्पिटल आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, पण कर्नाटकाचं आरोग्य कार्ड तिथे चालेल का, हे भरती होण्याआधीच विचारून घ्यावं.

बटण लावता येत नाही, हातातून कप सुटतो, अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल भाग खोलगट दिसतो, यातलं एकही लक्षण असेल तर पट्टा बांधून वाट बघत बसू नये. स्नायू एकदा सुकला की गेलेली ताकद आणणं अवघड होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवावा.