गिंडीच्या वर्गातील पहिली विद्यार्थिनी

अभियांत्रिकीकडे येणारा प्रत्येक जण यंत्रांच्या ओढीनेच येतो, असे आपण धरून चालतो. चेन्नईच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

ए. ललिता यांचा जन्म १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न झाले, अठराव्या वर्षी वैधव्य आले. पदरात चार महिन्यांची मुलगी होती. वैद्यकीचा मार्ग स्त्रियांना तेव्हा खुला होता. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री घर सोडावे लागते. ठरावीक वेळेची नोकरी असेल तर मुलीला सांभाळता येईल, या विचाराने त्यांनी अभियांत्रिकी निवडली. वडील पप्पू सुब्बाराव याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि १९४० मध्ये ललितांना प्रवेश मिळाला. पाठोपाठ पी. के. थ्रेसिया व लीलम्मा जॉर्ज स्थापत्य शाखेत आल्या. पदवीच्या छापील इंग्रजी प्रमाणपत्रावरचा ‘तो’ खोडून हाताने ‘ती’ लिहावे लागले. पुढे कलकत्त्यात नोकरी करताना ललितांनी भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर काम केले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ललितांची जिद्द खरी, पण दार उघडायला वडिलांचा शब्दही लागला. म्हणून एखाद्या मुलीला या शाखेकडे वळवताना तिला यंत्रे आवडतात का, एवढेच विचारून भागत नाही. तिच्यावर घरची कोणती जबाबदारी आहे आणि तिच्यासाठी शब्द टाकणारे कोणी आहे का, हेही विचारावे लागते.