बसरूरहून परतताना

साल १६६५, महिना फेब्रुवारी. शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या एका गलबतावर तुम्ही वल्ह्याला बसला आहात. मालवणहून निघालेली ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं बसरूर बंदर लुटून आता उत्तरेकडे वळली आहेत. तळाशी गाठोडी इतकी रचलीत की पाय पसरायची सोय नाही. जाताना वारा पाठीशी होता. येताना तोच तोंडावर आहे.

पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. “वारो सुटलो रे, शीड चढवा!” तांडेल ओरडतो. तिरकं शीड फुगतं आणि उन्हं वर येईपर्यंत किनारा भराभर मागे पडतो. दुपारी वायव्येचा खारा वारा उठला की हाल सुरू. एकदा समुद्राकडे, एकदा किनाऱ्याकडे, अशी नागमोडी चाल. हाताला फोड येईपर्यंत वल्हवून मान वर करावी, तर सकाळचाच डोंगर अजून तिथेच. तरी तुमच्याकडे वल्ही आहेत. खाडीचा आडोसा गाठता येतो. मोठी जहाजं नांगर टाकून वारा पडायची वाट बघतात.

गोकर्णला शिवरात्रीचं स्नान होतं. तिथून महाराज ४००० पायदळासह जमिनीच्या वाटेने अंकोल्याकडे निघतात. नद्या उतरायला १२ गलबतं जवळ ठेवून बाकीच्यांना घरची वाट मोकळी होते. पुढे कारवारात इंग्रज वखारवाले महाराजांना द्यायच्या खंडणीतला आपला ११२ पौंडांचा वाटा मुकाट भरतील, पण तोवर तुम्ही पुढे गेलेले असाल.

अंजदीव बेट दिसतं. मुंबईचा ताबा मिळेना म्हणून इंग्रजांची फौज इथे खितपत पडली होती. त्यातले कितीतरी इथेच मेले. उरलेल्यांनी याच महिन्यात मुंबई ताब्यात घेतली आहे. ही बातमी तुमच्या गलबतावर कुणालाच नाही. सगळ्यांच्या बोलण्यात घर, ताजं पाणी आणि गरम भात. गोव्याजवळ तांडेल गलबत खोल पाण्यात घेतो, कारण आग्वादच्या तटावर पोर्तुगीजांच्या तोफा आहेत.

वेंगुर्ला मागे पडतं, निवती मागे पडते आणि कुरटे बेट नजरेत येतं. त्यावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू होऊन जेमतेम तीन महिने झालेत. इथे पाण्याखाली खडकच खडक. वाट माहीत असलेल्यानेच सुकाणू धरावं. वल्ही उचला.

लुटीचा हिशोब कारकून मांडतील. पण वाऱ्याशी झगडत सारा किनारा पायाखाली घातलेले खलाशी, ही या आरमाराची त्याहून मोठी कमाई. मार्चच्या आरंभी मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंग पुण्यात दाखल झाला आणि लढाई डोंगरात गेली. एवढ्या मोठ्या सागरी मोहिमेवर महाराज स्वतः पुन्हा कधी गेले नाहीत.