सत्यनाथन, कृपाबाई

सत्यनाथन, कृपाबाई (१४ फेब्रुवारी १८६२ – १८९४). इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक. माहेरचे आडनाव खिस्ती. जन्म अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे. लेखनाची वर्षे मद्रास इलाख्यात गेली, म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते. हा अन्याय आहे, कारण ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या त्यांच्या दोन्ही कादंबऱ्यांचे मूळ नगरच्या घरात आहे.

वडील हरिपंत आणि आई राधाबाई. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते आणि तिथल्या ब्राह्मणांपैकी अगदी आधी ख्रिस्ती झालेल्यांत हरिपंत होते. धर्मांतर त्यांनी विचारपूर्वक केले. राधाबाईंना कोणी विचारले नव्हते. वसईच्या ख्रिस्ती घरांत धर्म पोर्तुगीज अमदानीपासून पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. खिस्तींच्या घरात मात्र तो एका पिढीतच, नवरा-बायकोच्या मधून वाट काढत आला. कृपाबाईंच्या आत्मचरित्रपर ‘सगुणा’ कादंबरीतले पहिले भाग या आईचे आहेत. बालवयात लग्न झालेली, सासरच्या सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही मुलगी नवऱ्यामागून मिशनच्या परक्या वस्तीत येते, कशाला शिवायचे आणि काय खायचे या धास्तीने अंग चोरून राहते आणि पुढे हळूहळू, नवऱ्याच्या सहवासाने, मन वळवते. आईची ही घुसमट लेकीने ज्या समजुतीने लिहिली आहे तसे चित्रण त्या काळच्या मिशनरी लेखनात सापडणे कठीण.

चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. वडील लवकर गेले. भाऊ धडे घेत असताना ही मुलगी जवळ बसून ऐकायची, ऐकून ऐकून शिकायची. स्वयंपाकघरातून आईची हाक आली की उठावे लागे. मुलीला इतके शिकून काय करायचे, हे राधाबाईंचे मत धर्म बदलला तरी बदलले नव्हते. थोरला भाऊ भास्कर मात्र तिच्याशी बरोबरीने बोलायचा, पुस्तके द्यायचा, वाचलेल्यावर चर्चा करायचा. तो ऐन तारुण्यात वारला. कृपाबाईंच्या बालपणातला सर्वांत मोठा घाव हाच.

पुढे मुंबईत मिशनरी बायकांच्या शाळेत त्या शिकल्या. गोऱ्या बायकांच्या बोलण्यातला वरचढपणा तिथे त्यांना फार लागला. ‘सगुणा’त तो स्पष्ट उमटला आहे. मुंबईतच एका अमेरिकन डॉक्टरबाईंमुळे वैद्यकीचे वेध लागले. विलायतेला शिष्यवृत्तीवर जाण्याची संधी होती, पण प्रकृती साथ देईना. अखेर १८७८ मध्ये त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या १८८३ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर. पहिल्या वर्षी कृपाबाई चमकल्या, पण तब्येत ढासळली, शिक्षण सुटले आणि त्या पुण्याला बहिणीकडे आल्या.

मद्रासमध्ये शिकत असताना त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहत होत्या. त्यांची पत्नी ॲना, म्हणजे कृपाबाईंच्या पुढच्या सासूबाई, स्वतः मुलींच्या शाळा चालवणाऱ्या आणि तमिळमध्ये लिहिणाऱ्या. केंब्रिजहून परतलेला त्यांचा मुलगा सॅम्युएल याच्याशी कृपाबाईंचा विवाह झाला. नोकरीनिमित्त तो उटीला असताना तिथे त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली आणि लिहायला लागल्या. माहेरी शिकण्यासाठी आईशी झगडावे लागले, सासरी शिकलेली सून हवीच होती.

एकुलते मूल वर्षाच्या आतच गेले. क्षयाने कृपाबाईही खंगत गेल्या. ‘सगुणा’ आधी ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये क्रमशः आली होती. ‘कमला’ त्यांनी आजारपणात लिहिली. एकान्तात राहणाऱ्या विद्वान बापाने वाढवलेली मुलगी, तिचा सासुरवास, मग वैधव्य आणि पुनर्विवाहाला दिलेला नकार, अशी ही कथा. हरिपंतांनी धर्म बदलला नसता तर आपल्या वाट्याला कोणते आयुष्य आले असते, याचाच शोध कृपाबाई इथे घेतात असे वाटत राहते. कलाकृती म्हणून ‘कमला’ अधिक बांधेसूद. जिवंतपणा मात्र ‘सगुणा’त जास्त, आणि तो राधाबाईंमुळे.

कृपाबाई गेल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. ‘सगुणा’ पुस्तकरूपाने १८९५ मध्ये निघाली. त्याच वर्षी कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नवऱ्याने धर्म बदलल्यावर बायकोने काय करायचे हा राधाबाईंचा प्रश्न टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या दारात येऊन उभा राहिला.